जागा कमी, अक्षर मोठं

स्मरणिका समितीने माझ्याकडे आयटीतल्या अनुभवांवर लेख मागितला होता. दोनदा लिहायला बसले, दोनदा पुसून टाकलं. मीटिंगा, डेडलाइन, रात्री अमेरिकेचे कॉल हे आपल्या निम्म्या बॅचच्या घरी रोजच चालू असतं. तेच पुन्हा स्मरणिकेत वाचायला लावणं म्हणजे शिक्षाच. म्हणून समितीला न विचारता विषय बदलते आहे. हा लेख मॉरिस फुलर बेंटन या अमेरिकन इंजिनिअरवर आहे. ते १९४८ साली वारले. अक्षरांच्या धंद्यात हे नाव फार मोठं. बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. पण त्यांनी घडवलेली अक्षरं तुम्ही प्रत्येकाने पाहिलेली आहेत, आणि तीही शेकडो वेळा.

त्यांच्यापर्यंत मी पोचले ती आपल्या शाळेच्या पाटीवरून. मेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही चौघीजणी शाळेत गेलो होतो, तेव्हा फाटकावरची जुनी पत्र्याची पाटी दिसली नाही. तिच्या जागी फ्लेक्स लागला आहे. तुम्हाला आठवत असेल, संस्थेचं नाव आणि शाळेचं नाव मिळून आपली ओळ केवढी लांबलचक आहे. प्रार्थनेनंतर ते पूर्ण नाव एका दमात म्हणायची मुलांची पैज लागायची. फ्लेक्सवाल्याने ती ओळ कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी दाबून बसवली आहे. मजकूर तोच, एकही काना-मात्रा चुकलेली नाही, तरी बघताना काहीतरी खटकत होतं, आणि काय खटकतंय ते मला सांगता येत नव्हतं. जुनी पाटी चित्रकलेच्या सरांनी स्वतः रंगवली होती. तिच्यावरही तीच लांब ओळ तेवढ्याच जागेत होती, पण रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवरून स्वच्छ वाचता यायची. अक्षरं जाड, अरुंद, एकमेकांना खेटून उभी, आणि टोकं गोलसर. प्रार्थनेच्या रांगेत उभी असल्यासारखी.

घरी आल्यावर जाड, अरुंद, गोलसर अक्षरं कशी काढतात ते शोधत बसले आणि बेंटन सापडले. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आयुष्यभर अक्षरं काढणारा माणूस आहे म्हटल्यावर मी काही तिथून हलले नाही.

मॉरिस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७२ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात. आईवडिलांचं एकुलतं एक अपत्य. (टाइपरायटरवाले शोल्सही याच गावचे. म्हणजे ज्या कीबोर्डवर माझं पोट चालतं त्याचं माहेरही मिलवॉकीच.) वडील लिन बॉइड बेंटन हे छापखान्याचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याचे भागीदार होते. खिळे कसे बनत ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पोलादाच्या छोट्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, हा झाला पंच. तो तांब्यावर ठोकला की खळगा पडतो, तो साचा. साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतला की खिळा तयार. पंच कोरणारा कारागीर भिंग लावून हे काम हाताने करी, एकेका पंचाला दिवस घालवी. आणि प्रत्येक आकारासाठी सगळी अक्षरं पुन्हा पहिल्यापासून.

लिन बेंटन यांना एक नवी टाइपमाला काढायची होती. तिच्यात अक्षरांच्या रुंदीची मापं मोजकीच ठेवून जुळाऱ्याचं काम सोपं करायचं होतं. त्यासाठी पंच ढिगाने लागणार आणि ते कोरायला हात पुरेनात. म्हणून त्यांनी यंत्रच बांधलं. १८८५ साली त्याचं पेटंट मिळालं. लहानपणी जत्रेत चार पट्ट्यांचं एक खेळणं मिळायचं, एका टोकाने चित्र गिरवलं की दुसऱ्या टोकाला तेच चित्र लहान किंवा मोठं उमटायचं. तत्त्व तेच. इथे एका टोकाला मोठ्या अक्षराची कड गिरवायची आणि दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं सुईएवढं हत्यार धातूत तेच अक्षर बारीक कोरून काढायचं. लिनोटाइप यंत्रांना साचे लागत ते लाखांनी. ते पुरवणं या यंत्रामुळेच शक्य झालं, आणि लिनोटाइप जगभर गेलं.

वडील हे यंत्र जुळवत होते तेव्हा मॉरिस आपल्या सातवी-आठवीच्या वयाचे होते. घरात त्यांच्यासाठी छोटं छपाईयंत्रही होतं. पुढे ते कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १८९६ साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले. चित्रकला शाळेत नाही, हे लक्षात घ्या. आपल्याकडे दहावीनंतर चित्रकला की सायन्स असा प्रश्न घरात निघाला की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवूनही मी सायन्सला गेले, त्याचं दुःख वगैरे नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर करणारा माणूस वाचताना थोडं पोटात हललं, एवढं कबूल करते.

मॉरिस कॉलेजात असतानाच धंद्याचा नकाशा बदलला होता. लिनोटाइपच्या धसक्याने १८९२ साली २३ टाइप कारखाने एकत्र आले आणि अमेरिकन टाइप फाउंडर्स ही कंपनी झाली. बेंटन यांचा कारखाना त्यांतलाच. पदवी घेताच मॉरिस तिथे वडिलांचे मदतनीस म्हणून लागले आणि १९०० पासून टाइप डिझाइनचं खातं त्यांच्याकडे आलं. खातं म्हणजे आधी साफसफाईच. २३ कारखान्यांचा माल एका छपराखाली आलेला. एकाच तऱ्हेचे टाइप वेगवेगळ्या नावांनी, अक्षरांच्या बैठकीच्या ओळी वेगळ्या, मापं वेगळी, कुणाचं कुणाशी जुळत नाही. आयटीवाल्यांनो, तीन कंपन्यांचा जुना कोड एकत्र करताना आपली काय गत होते ती आठवा. इथे २३ होत्या, आणि अनडू नव्हतं.

त्या ढिगात बिनपायाच्या जाड टाइपांची गर्दी होती. छापील इंग्रजी अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. ते काढून टाकले की राहतो तो सॅन्स-सेरिफ. अमेरिकन छापखान्यांत त्याला गॉथिक म्हणत. मॉरिस यांनी १९०२ साली फ्रँकलिन गॉथिक काढला. त्याला बेंजामिन फ्रँकलिनचं नाव दिलं, कारण तोही मूळचा छापखानेवालाच. आणि पुढच्याच वर्षी, १९०३ साली, आला आल्टर्नेट गॉथिक. आपला विषय हा.

वर्तमानपत्राचा स्तंभ दोन-अडीच इंच रुंद. मथळा मोठा हवा, काळा हवा, आणि एका ओळीत मावायला हवा. उंची कमी केली तर मथळा मथळा राहत नाही. मग रुंदी कमी करायची. हे करण्याचा सोपा रस्ता मॉरिस यांच्या घरातच होता. वडिलांनी आणखी एक उपकरण बांधलं होतं. त्यात मूळ आराखडा एकच ठेवून अक्षर अरुंद, रुंद किंवा तिरकं करून काढता येई. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये अफाइन ट्रान्सफॉर्मेशनची मॅट्रिक्स आम्ही घोकली होती. आज वर्डमध्ये अक्षर दाबलं की आत तीच मॅट्रिक्स चालते. बेंटन बापलेकांकडे ती पितळेच्या स्क्रूंनी चालत होती.

पण अक्षर नुसतं दाबलं की काय होतं? आडवी मापं साठ टक्के केली, तर उभ्या रेघांची जाडीही साठ टक्के होते. आडव्या रेघा मात्र होत्या तेवढ्याच जाड राहतात. गोल अक्षराच्या बाजू बारीक आणि डोकं जड. तेव्हा मला फाटकावरचा फ्लेक्स आठवला. आपल्या देवनागरीत तर हे फार उघडं पडतं. काना काडीसारखा झालेला आणि वर शिरोरेषा तुळईसारखी. खटकत होतं ते हे.

आल्टर्नेट गॉथिक दाबून काढलेला नाही. तो अरुंद म्हणूनच पहिल्यापासून रेखाटलेला आहे. रुंदी कमी, पण उभ्या रेघेची जाडी भरघोस. मग गोलाईचं काय करायचं? इंग्रजी ओ गोल ठेवला तर तो मावत नाही, आणि चौकोनी केला तर खोक्यासारखा दिसतो. मॉरिस यांनी त्याच्या दोन्ही बाजू सरळ उभ्या ठेवल्या आणि फक्त वर-खाली वळवल्या. औषधाच्या कॅप्सूलचा आकार डोळ्यांसमोर आणा. सी, डी, जी, क्यू सगळ्यांचं हेच. त्यामुळे गोल अक्षरं आणि उभी अक्षरं शेजारी आली तरी काळ्या-पांढऱ्याचा ठेका मोडत नाही. पोटातली पांढरी जागा फार अरुंद झाली तर शाई भरून अक्षर आंधळं होतं, आणि फार रुंद ठेवली तर मथळा मावत नाही. सगळा हिशेब त्या पांढऱ्या पट्टीचा. एन, एम, एच यांची कमान जिथे उभ्या रेघेला मिळते तिथे रेघ जराशी बारीक केलेली असते. डोळ्यांना ते कळत नाही, पण नसती तर प्रत्येक सांध्यावर काळा डाग दिसला असता. लहान लिपीतल्या अक्षरांची अंगं उंच आहेत आणि खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड, म्हणजे ओळी जवळजवळ लावता येतात.

आणि हा टाइप एक नव्हता, तीन रुंद्यांत होता, नंबर एक, दोन आणि तीन. पहिला सगळ्यांत अरुंद. जुळाऱ्याने मथळा दोन नंबरमध्ये जुळवला आणि दोन अक्षरं बाहेर राहिली, तर एक नंबर घ्यायचा. उपसंपादकाला शब्द बदलायला सांगायची गरज नाही. वापरणाऱ्याची अडचण आधीच ओळखून सोय करून ठेवणं, हे मला सगळ्यांत जास्त आवडलं. आमच्या ॲपच्या बटणावर इंग्रजी शब्द बसतो आणि मराठी भाषांतर बाहेर सांडतं, तेव्हा आम्ही भाषांतर करणाऱ्यालाच शब्द छोटा कर म्हणतो. मीही म्हटलेलं आहे.

पुढची पस्तीस वर्षं मॉरिस हेच करत राहिले. दोनशेहून अधिक टाइप त्यांच्या नावावर धरतात. सगळे सांगत नाही. न्यूज गॉथिक १९०८ चा. बोडोनी, क्लॉइस्टर हे जुन्या इटालियन टाइपांचे नवे अवतार. सुव्हनिअर १९१४ चा, तो गाजला त्यांच्या पश्चात, सत्तरच्या दशकात. नाट्यगृहाच्या दिव्यांसारखा झगमगीत ब्रॉडवेही त्यांचाच. एकच टाइप घेऊन त्याची जाड, अरुंद, रुंद, तिरकी अशी सगळी भावंडं काढायची आणि अख्खं कुटुंब छापखान्याला द्यायचं, ही आज आपल्याला साधी वाटणारी पद्धत रुजवण्यात त्यांचा हात सर्वांत मोठा. चेल्टनहॅमचं मूळ रेखाटन बर्ट्रम गुडह्यू या वास्तुशिल्पकाराचं, कुटुंब वाढवलं बेंटन यांनी.

आपल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. गिन अँड कंपनी या शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांना मुलांना वाचायला सोपा जाईल असा टाइप हवा होता. मॉरिस यांनी आधी मुलांची नजर आणि वाचन यांवर झालेले अभ्यास वाचून काढले, मग पेन्सिल हातात घेतली. १९२० च्या आगेमागे तयार झालेला तो सेंच्युरी स्कूलबुक. अमेरिकेतल्या मुलांच्या पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या. गंमत म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पुस्तिकेच्या रूपात निवेदन दाखल करायचं तर आजही सेंच्युरी कुटुंबातलाच टाइप वापरावा लागतो.

नाव मात्र मागेच राहिलं. त्याच काळात फ्रेडरिक गाउडी नावाचे अक्षरकार होते. बोलण्यात, भाषणात पटाईत, आणि त्यांच्या टाइपांना त्यांचंच नाव. त्यांनी दिलेल्या टाइपचा जाड अवतार, गाउडी बोल्ड, १९१६ साली बेंटन यांनी काढला. नाव अर्थातच गाउडी. मॉरिस अतिशय अबोल. कुणी कामाबद्दल विचारलंच तर श्रेय योगायोगाला देऊन मोकळे होत. आणि वडीलही त्याच कंपनीत, त्याच आडनावाचे, यंत्रामुळे आधीच प्रसिद्ध. त्यामुळे लेकाचं काम पुष्कळदा बापाच्या खात्यावर चढलं. वडिलांच्या मोठेपणाखाली लेक झाकला गेला असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. बापाने यंत्र दिलं, लेकाने त्या यंत्राला कुठे थांबवायचं ते ओळखलं. यंत्र काय वाटेल ते दाबू शकत होतं, तरी जिथे गरज तिथे ते पुन्हा हाताने काढायला बसले.

घरचं फारसं लिहिलेलं सापडत नाही. १८९७ साली एथेल बॉटम यांच्याशी लग्न, दोन मुली. १९२० साली एथेल गेल्या. काही वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं. १९३२ साली वडील गेले, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, जवळजवळ शेवटपर्यंत कामावर येत होते. १९३३ साली, मंदीत, कंपनी दिवाळखोरीत गेली. तशाही अवस्थेत मॉरिस यांचे टाइप निघतच होते. १९३७ साली ते निवृत्त झाले आणि ३० जून १९४८ रोजी न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला वारले.

शिशाचे खिळे वितळले, कंपनीही १९९३ साली कायमची बंद झाली आणि यंत्रांचा लिलाव झाला. अक्षरं मात्र आधी फोटोच्या फिल्मवर आणि मग कॉम्प्युटरवर चढली होती. फ्रँकलिन गॉथिक तर विंडोजमध्येच येतो. २००५ साली काही तरुणांनी व्हिडिओ दाखवण्याची एक साइट काढली. तिच्या नावातला पहिला शब्द काळ्या अक्षरांत, दुसरा लाल गोलसर चौकटीत पांढरा. आता ओळखलंत? यूट्यूबची ती जाड, अरुंद अक्षरं म्हणजे आल्टर्नेट गॉथिक नंबर दोन. २०१७ पर्यंत तीच होती. शंभर वर्षांपूर्वी अडीच इंचांच्या स्तंभासाठी काढलेलं अक्षर मोबाइलच्या अडीच इंचांच्या पडद्यावर तसंच बसलं. २००९ मध्ये लीग ऑफ मूव्हेबल टाइप या मंडळींनी आल्टर्नेट गॉथिक नंबर एकवरून लीग गॉथिक नावाचा फॉन्ट काढून सगळ्यांना मोफत दिला. सिनेमाची पोस्टरं, पुस्तकांची मुखपृष्ठं, निषेधाचे फलक, जिथे थोड्या जागेत ठासून सांगायचं असतं तिथे तो दिसतो.

आता पुन्हा आपल्या पाटीकडे येते. सरांनी बेंटन यांचं नाव ऐकलं असेल की नाही, कोण जाणे. पण अक्षरलेखनाच्या तासाला ते आमचा इंग्रजी ओ खोडून बाजू सरळ करायला लावत आणि फक्त वर-खाली वळव म्हणून बोटाने हवेत दाखवत. मला तेव्हा राग यायचा, कारण कंपासने काढलेला माझा ओ छान गोल असायचा. पाटीवर त्यांनी व, ब, क यांची पोटं तशीच लांबट केली होती, काना शिरोरेषेइतका जाड ठेवला होता आणि जिथे जोडाक्षर आलं तिथे शेजारच्या अक्षराला थोडं सरकवून घेतलं होतं. पाटीच्या कोपऱ्यात नाव नव्हतं. गावातले पेंटर नाव आणि गाव टाकत, सरांनी टाकलं नाही.

मेळाव्याचा बॅनर मी या वेळी दाबून केलेला नाही. मोफत मिळणारा खंड नावाचा अरुंद देवनागरी फॉन्ट वापरला आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा. तो मुळातच अरुंद रेखाटलेला आहे, त्यामुळे अख्खं नाव एका ओळीत बसलं. पण टोकं सरांच्या अक्षरांसारखी गोल नाहीत.

जुनी पाटी शाळेच्या अडगळीत शोधली, मिळाली नाही. भंगारात गेली असावी असं शिपाईमामांचं म्हणणं. तेव्हा एक विनंती. दहावीच्या निरोपाचा, सहलीच्या बसचा, पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीचा, कुठलाही जुना फोटो असेल आणि मागे फाटकावरची पाटी थोडी जरी आली असेल, तर मला पाठवा. अर्धी ओळ दिसत असली तरी चालेल. आत्तापर्यंत तीन फोटो आले आहेत आणि त्यांतून बारा अक्षरं मिळाली आहेत. ज्ञ आणि द्य अजून हवे आहेत. एका फोटोत ते कुणाच्यातरी छत्रीमागे लपले आहेत.